प्रतिसाद: गणित शिक्षणात पीएचडी म्हणजे पळवाट?

भाची गणितात एमएस्सी करून आता ‘गणित शिक्षणा’त पीएचडी करणार, म्हणजे अवघड गणितातून काढलेली पळवाट, असं तुम्ही वर लिहिलंय. अजिबात पटलं नाही.

तेरेझिन्या नुनेस यांचंच बघा. ब्राझीलच्या या बाई मुळात मानसशास्त्राच्या, पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाल्या. 1985 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर रेसिफे शहरातल्या बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. मुलं पाचच, पण निष्कर्ष जबरदस्त. बारा वर्षांच्या एका नारळवाल्या पोराला विचारलं, 35 चा एक, तर दहाचे किती? तो म्हणाला तिनांचे 105, आणखी तीन म्हणजे 210... असं करत 350 वर पोचला. चार नारळांचे 140 हेही त्याने तोंडी बरोबर सांगितलं. मग कागदावर 35 गुणिले 4 दिलं, तर उत्तर 200! हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं. बाजारात सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत 37.

दापोलीजवळच्या हर्णैच्या मासळी लिलावात उभं राहिलात तर हे वेगळं सांगावं लागणार नाही. (आमच्याकडच्या मासे विकणाऱ्या गाबतीण मावशींशी हिशोबात हुज्जत घालायची माझी तरी छाती नाही.)

बाजारात जमणारं हे गणित शाळेत कुठे आणि का तुटतं, हे शोधणं म्हणजेच गणित शिक्षणातलं संशोधन, आणि ते सोपं काम नव्हे. भाचीला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची माहिती काढायला सांगा. टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) केंद्र आहे, पीएचडी तिथे होते. दापोलीहून मुंबई काही लांब नाही.