आईची गुडघेदुखी आणि कोलेस्टेरॉल, गोळी बंद करावी का? सल्ला हवाय

निशिगंध_नाशिक

आईचं वय ६३. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, जिना उतरताना कठडा धरून तिरकी होऊन उतरते. एक्स-रेत ग्रेड २ झीज आलीये. त्यातच रक्त तपासलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २२०, साखर काठावर, म्हणून फिजिशियननी अ‍ॅटोरवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी लावली. आता मामा म्हणतात चरबी सांध्यात साचलीये म्हणून दुखतंय, शेजारच्या काकू म्हणतात तूप खा वंगण मिळेल, आणि मावशीने फोनवर सांगून टाकलं की त्या गोळीनेच गुडघे जातात. झालं, आईने गोळी डब्यात टाकली ती टाकलीच. रक्तातल्या चरबीचा गुडघ्याशी खरंच काही संबंध असतो का? आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल चालू कराव्यात का?

बाह्यरुग्ण

ताई, आधी गोळी परत सुरू करायला लावा, मग बाकीचं बोलू. ती हृदयासाठी आहे, गुडघ्यासाठी नाही. स्टॅटिनने (या जातीच्या गोळ्यांनी) दुखतं ते बहुधा स्नायूंत, दोन्ही मांड्या-पोटऱ्या ठणकतात, आणि तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झालीये का ते दाखवणारी रक्त तपासणी) तपासतात, गोळी किंवा डोस बदलतात. परस्पर बंद नाही करायची.

मामांचं म्हणाल तर सांध्यात साचतं ते युरिक अ‍ॅसिड, तो गाउट, वेगळं प्रकरण. कूर्चेला (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजतं ते हेच) रक्तवाहिन्याच नसतात, ती जगते सांध्यातल्या पाण्यावर, आणि ते पाणी रक्तातूनच गाळून येतं. निरोगी सांध्यात कोलेस्टेरॉल वाहणारे मोठे कण त्या गाळणीतून फारसे जात नाहीत, सूज आली की गाळणी सैल होते. म्हणजे संबंध आहे पण मामा म्हणतात तसा नाही. शिवाय गुडघ्याच्या वाटीच्या खाली चरबीची एक गादी असते, ती आणि पोटावरची चरबी दोन्ही लेप्टिन, इंटरल्युकिन-६ असली सूज वाढवणारी रसायनं सोडतात. जाड माणसांच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात, आता बोटांवर काय कोणी चालत नाही!

काथ्याकूट

काकूंच्या वंगणात थोडं तथ्य आहे बरं का 😄 सांध्याच्या पाण्यात फॉस्फोलिपिड (एक प्रकारची चरबी) असतात आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड या बुळबुळीत पदार्थाच्या जोडीने ती घर्षण कमी करतात. पण ताटातलं तूप सरळ तिथे जाऊन बसत नाही.

बाकी विज्ञान इथे जरा गोंधळलेलंच आहे. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की कूर्चेच्या पेशींत कोलेस्टेरॉलची उलाढाल बिघडली की झीज वाढते. पण त्याच वर्षी जनुकांवरून केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं, जन्मजात एलडीएल जास्त असणाऱ्यांत झीज थोडी कमीच. आणि ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या रुग्णांना दोन वर्षं रोज ४० मिग्रॅ अ‍ॅटोरवास्टॅटिन देऊन पाहिली, एमआरआयवर कूर्चेची झीज काही मंदावली नाही. तेव्हा गोळीने गुडघा बरा होईल ही आशा नको.

फिश ऑइलचे पैसे वाचवा. त्याच्यासारखंच ओमेगा-३ वालं क्रिल ऑइल (क्रिल म्हणजे कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) रोज २ ग्रॅम, २४ आठवडे, खोट्या गोळीपेक्षा काहीच सरस ठरलं नाही (२०२४ ची चाचणी). बांगडा आवडत असेल तर खुशाल खाऊ द्या, पण तो जेवण म्हणून.

सुगरण_नव्हे

माझ्या सासूबाईंची हीच गत होती, कॅप्सूल, तेल, पट्टे सगळं झालं, फरक पडला तो फिजिओने. पाय सरळ करून झोपायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू कडक होतो तो हाताने चाचपून बघायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. कंटाळवाणं आहे पण मांडीत ताकद आली की जिना सुटतो. पूजा खुर्चीवर बसून, भाजी निवडणं टेबलावर, मांडी घालणं बंद.

आणि वजन! एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो म्हणतात. सासूबाईंचं खरं गणित चहात होतं, दर कपात दोन चमचे साखर आणि सोबत खारी. साखर-खारी सुटल्यावर ट्रायग्लिसराइडही खाली आले.

निशिगंध_नाशिक

सगळ्यांचे आभार. आईचं वजन ७४, उंची पाच फूट एक. चहाचं वाचून हसली, म्हणजे नेम लागलाय. भाऊ वजनाच्या इंजेक्शनबद्दल विचारतोय, ते काय प्रकरण?

बाह्यरुग्ण

सेमाग्लुटाइड. २०२४ मध्ये त्याची गुडघेदुखीवरच चाचणी झाली, ६८ आठवडे, वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि दुखणंही खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत बरंच जास्त कमी झालं. पण ती माणसं बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वरची होती, आई जेमतेम त्यात बसतात. मळमळ होते, वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि गुडघ्याला तर स्नायूच हवेत. साखर काठावर आहे म्हणून फिजिशियनशी बोलून बघा, पण आधी तीनेक महिने टॉवेलचा व्यायाम आणि बिनसाखरेचा चहा करून मग.

काथ्याकूट

+१. आणि तूप पूर्ण बंद करू नका, वरणभातावर एक चमचा चालेल, नाहीतर चिडून गोळी पुन्हा डब्यात जायची.