मुलांच्या वर्तनाचा उपक्रम: सरसकट नको, आधी शाळांची सोडत काढा

कृष्णाकाठ
आमच्या वाळवा भागात पाचवी ते सातवीसाठी एक उपक्रम येऊ घातलाय. मारामाऱ्या, शिवीगाळ, दमदाटी कमी व्हावी म्हणून आठवड्याला दोन तास, जूनपासून सगळ्या शाळांत. माझं म्हणणं असं की शाळांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्या शाळांना यंदा द्या, उरलेल्यांना पुढच्या वर्षी, आणि मार्चमध्ये दोन्हीकडं मोजा. नाहीतर वर्षाअखेरीला फोटो आणि 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असा अहवाल, यापलीकडं हाती काही लागत नाही.

चिठ्ठ्या शाळांच्या, पोरांच्या नव्हे. एकाच वर्गातली निम्मी पोरं उपक्रमात आणि निम्मी बाहेर, असं चालत नाही. मधल्या सुट्टीत सगळी एकत्रच खेळतात.

मिरजकर काका
संस्कार कधी मोजायचे असतात का हो? चांगली गोष्ट आहे, द्या की सगळ्यांना. तोटा तर नाही.

कृष्णाकाठ
काका, तोटाही होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली 506 मुलं घेऊन असाच प्रयोग झाला होता. निम्म्यांना वर्षानुवर्षं मार्गदर्शन, घरभेटी, शिबिरं. निम्म्यांना काही नाही. तीस वर्षांनी पाहिलं तर मदत मिळालेल्यांचीच अवस्था काही बाबतींत वाईट निघाली. गंमत म्हणजे त्यांतले बरेचजण 'आम्हाला फायदा झाला' असंच सांगत होते. तुलनेला दुसरा गट नसता तर तो उपक्रम आजही गाजत असता.

खडूवाली
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची पोरं म्हणजे नव्या बेण्याचा प्लॉट आहे का, अर्ध्या रानात लावून बघायला? शेजारच्या गावाला मिळणार आणि आमच्या गावाला नाही, हे पालकांना मी कोणत्या तोंडानं सांगू? शिवाय तो तास घेणार कोण, तर आम्हीच. पोर्टल आम्ही भरायचं, सर्वेक्षण आम्ही करायचं, आता हेही.

कृष्णाकाठ
मॅडम, तास कोणी घ्यायचा हाच तर तपासायचा मुद्दा आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग झाला, 2018 मध्ये त्याचे निकाल छापून आले. शाळांचे तीन गट. एकीकडं उपक्रम शिक्षकांनी चालवला, एकीकडं त्याच कामासाठी नेमलेल्या प्रशिक्षित माणसानं. तिसऱ्या गटात फक्त सरकारी जीवनकौशल्याचा तास, म्हणजे त्यांनाही अगदीच वाऱ्यावर सोडलं नव्हतं. नेमलेला माणूस होता तिथं दमदाटी, मारामारी, नैराश्य कमी झालं. शिक्षकांवर टाकलं तिथं फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा दोष मला तरी दिसत नाही, त्यांच्या पाठीवर आधीच किती ओझं आहे ते तुम्हीच सांगितलंत. पण मोजलं नसतं तर हे कळलं असतं का?

माणदेशी
दोघांनाही विचारतो. पोरगं वर्गात दंगा करतं ते घरी बाप पिऊन येतो म्हणून, आणि तुम्ही पोराला तास देणार? ऊसतोडीच्या हंगामात पालावरची पोरं पटावर येतात, कारखाना बंद झाला की जातात. जूनला मोजलेली पोरं आणि मार्चला मोजलेली पोरं तीच नसणार. मग काय मोजलं?

कृष्णाकाठ
ही अडचण खरी आहे, माझ्याकडं तिला सोपं उत्तर नाही. भरपूर शाळा असतील तर पालांची गावं चिठ्ठ्यांमुळं दोन्ही गटांत येतील, पण मधेच आलेल्या-गेलेल्या पोरांचा हिशेब वेगळा ठेवावाच लागेल. दारूचं म्हणाल तर तास देऊन बापाची बाटली सुटणार नाही, कबूल. पण बाल्टिमोरमध्ये 1985 च्या सुमारास पहिलीच्या वर्गांत गट पाडून नियम पाळण्याचा एक खेळ लावला होता. ती मुलं विशीत आल्यावर पाहिलं, तर सुरुवातीला सर्वांत भांडखोर असलेल्या मुलग्यांत व्यसनं कमी होती. तोच खेळ पुढं इंग्लंडमध्ये 77 शाळांत लावला, तिथं काही फरक नाही. म्हणून तिकडचं यश दाखवून इकडं सरसकट लावू नका म्हणतोय.

खडूवाली
बरं. मग माझ्या अटी ऐका. ज्यानं तास घेतला त्यानंच पोरांना गुण द्यायचे नाहीत. आम्ही आमच्या उपक्रमाला कमी गुण देऊ का? गप्प बसलं म्हणजे सुधारलं, असंही धरायचं नाही. माझ्या वर्गातली सर्वांत गप्प मुलगीच मला जास्त काळजीची वाटते. आणि जूनमध्ये सर्वांत दंगेखोर पाच पोरं निवडून 'बघा, मार्चला निवळली' असं दाखवू नका. ती तशीही थोडी निवळतातच.

कृष्णाकाठ
तिन्ही मान्य. मोजायला येणाऱ्याला कुठल्या शाळेत उपक्रम झाला हे सांगायचं नाही, आणि मधल्या सुट्टीतही बघायचं.

खडूवाली
आणि फरक पडला नाही तर उरलेल्या शाळांना देणार की थांबणार? हे जूनच्या आधी लिहून मिळेल?

कृष्णाकाठ
थांबायचं. पण ते माझ्या लिहिण्यानं होत नाही, गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागेल.

माणदेशी
छपाई झालेली असणार हो. पुस्तिका गोदामात पडून राहतील म्हणून तरी वाटतील.