मदत हवी आहे: ई-ग्रामस्वराजवर गटाराची दोन बिलं दिसतात, गटार एकच. कागद कुठले मागू?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आईवडील गावी. परवा सहज ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतींचा हिशोब दाखवणाऱ्या सरकारी पोर्टलवर, आमच्या पंचायतीचा खर्च उघडला. आधी गावच सापडेना, नावाचं इंग्रजी स्पेलिंग कुणी केलंय देव जाणे. सापडल्यावर मात्र आराखडा, जमा, खर्च, एकेक व्हाउचर, सगळं समोर.

अडलंय ते इथे. पंधराव्या वित्त आयोगातून 'बंदिस्त गटार बांधणे' या नावाने दोन व्हाउचर आहेत, दोन्ही मार्चअखेरची. तारीख, रक्कम, ठेकेदाराचं नाव दिसतं. गटार कुठून कुठपर्यंत, किती मीटर, पाइप किती इंची, यातलं काहीच नाही. वडील म्हणतात, मारुतीच्या देवळापासून निघालेलं एकच गटार झालंय आणि तेही शाळेच्या अलीकडे थांबलंय. दुसरं वाडीवर झालं असेलही, त्यांचे गुडघे त्यांना तिकडे जाऊ देत नाहीत.

सरपंच आमच्या भावकीतले. आरोप करून लग्नकार्यात तोंड चुकवत फिरायची इच्छा नाही. नुसत्या कागदांवरून खात्री होईल का? पुण्यातून अर्ज चालेल का?

सदस्य 'जमाखर्च':
दोन व्हाउचर म्हणजे दोन गटारं असं लगेच धरू नका. एकाच कामाचं आधी चालू बिल (काम सुरू असतानाचं) निघतं, मग अंतिम. दोन्ही व्हाउचर उघडून आराखड्यातल्या कामाचा कोड जुळतो का बघा. कोड एकच असेल तर दोन्ही रकमांची बेरीज मंजूर रकमेशी ताडा. कोड वेगळे असतील तर दुसरं गटार जमिनीवर दिसायलाच हवं. ग्राम मानचित्र या सरकारी नकाशा-पोर्टलवर कामाचे फोटो असतात, तेही बघून घ्या. आमच्याकडे एका कामाच्या फोटोत नुसता मुरूम होता, पण तेवढ्यावरून जागा तरी कळली.

तालुक्याचा:
वरचं बरोबर, पण पोर्टल फक्त पैसे गेले एवढं सांगतं. काम किती झालं ते मोजमाप पुस्तिकेत असतं. एमबी म्हणतात ती. लांबी, रुंदी, खोली, सगळं अभियंत्याच्या सहीने. माहिती अधिकारात या प्रती मागा: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची संबंधित पानं, पूर्णत्वाचा दाखला. व्हाउचर नंबर आणि आर्थिक वर्ष नक्की घाला, नाहीतर 'माहिती विस्तृत आहे' म्हणून अर्ज परत येतो.

आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पुण्यातून खुशाल चालतं. प्रतींना पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

भावकीचं म्हणाल तर अर्जात कारण लिहावं लागत नाही, कलम 6(2) आहेच. पण गावात नाव कळणार, ते गृहीत धरा.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. कोड बघितले, वेगळे आहेत. चुलतभावाला वाडीवर पाठवतोय. एक शंका, एमबी ग्रामपंचायतीत असते की पंचायत समितीत? अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर?

तालुक्याचा:
बिल झाल्यावर प्रत पंचायतीच्या दप्तरात असायला हवी. नसेल तर अभियंत्याच्या कार्यालयात. तुम्ही पंचायतीलाच पाठवा. दुसऱ्याकडची माहिती असेल तर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज पुढे पाठवणं त्यांचं काम. आणि 'गटार अर्धवट का ठेवलं' असलं काही विचारू नका, त्याला 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. 'एमबीची साक्षांकित प्रत द्यावी' एवढंच लिहा. प्रत हातात आली की चुलतभावाला टेप घेऊन परत पाठवा.