मत ‘अवैध’, ‘बाद’ की आणखी काही?

गोदाकाठ
नमस्कार. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाची कार्यकारिणी निवडायची आहे. सात जागा, मतदान ऑनलाइन. नियम मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या खेपेला सातपेक्षा जास्त नावांवर खूण झाली की लगेच संदेश यायचा: ‘आपले मत अवैध ठरले आहे.’ पंचवटीतली माझी मावशी आमच्याच शाळेची, वय ७८. तिच्याकडून आठ खुणा झाल्या. संदेश वाचून तिचा फोन आला, आवाज कापत होता. “अगं, मी काय अवैध केलं?” पेपरात तिनं हा शब्द ‘अवैध वाळूउपसा’ आणि ‘अवैध दारू’ एवढ्याच ठिकाणी वाचलेला. तेव्हापासून तो मला टोचतोय. यंदा ‘बाद’ लिहिलं, तर समितीतले एक सर म्हणतात की तो बोलीतला शब्द, नियमावलीत शोभत नाही. तुम्ही काय लिहाल? कोऱ्या मताला आणि दोनदा दिलेल्या मतालाही शब्द हवेत.

सातपूरकर
‘बाद’च. निकालाच्या बातमीत ‘बाद मते’ छापून येतं, कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. आणि फॉर्ममध्येच सात खुणांची मर्यादा घाला ना.

गोदाकाठ
मर्यादा यंदा घालतोय. पण कोरं आणि दुबार उरतंच.

अक्षरमात्रा
कायद्याच्या मराठीत ‘विधिग्राह्य’ हा नेमका शब्द आहे, त्याच्या उलट ‘विधिअग्राह्य’. ते जड वाटत असेल तर ‘अवैध’ ठेवा. शब्दात काही खोट नाही, त्याला संगत वाईट लागली एवढंच. संगतीमुळे शब्द टाकत गेलो तर हातात काय उरेल? आपण भगूरच्या शेजारी राहणारी माणसं. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले, ते वापरून वापरून रुळले. ‘बाद’ फारसीतून आलेला, आपला सोडून तो कशाला?

सातपूरकर
‘दिनांक’ अर्जावर रुळला. घरात आजही ‘आज तारीख काय’ असंच विचारतात. संदेश मावशींना जाणार आहे, सरकारला नाही.

खडूफळा
मी शिक्षक, आता निवृत्त. नाशिक पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला टेबलावर बसलोय. पाच जिल्ह्यांच्या मतपत्रिका, मतदार सगळे पदवीधर. पसंती अंकांत लिहायची: १ चालतो, 1 चालतो, रोमन चालतो, पण अक्षरी ‘एक’ चालत नाही. पेन मतदान केंद्रावर दिलेला जांभळा स्केचपेनच हवा. एक मतपत्रिका अजून डोळ्यांपुढे आहे. पहिल्या पसंतीचा अंक ठळक, गोल, जागच्या जागी, आणि खाली नेटकी सही. सहीमुळे मतदार ओळखू येतो, म्हणून ती गेली. शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, “बाद.” त्यात राग नव्हता, हळहळ होती. ‘अवैध’मध्ये ती हळहळ मला ऐकू येत नाही.

मैदानवाली
सर, पण खो-खोत ‘बाद’ खेळाडू होतो. क्रिकेटमध्येही माणूसच बाद. ‘तुमचे मत बाद’ वाचून मावशींना ‘मीच बाद’ असं वाटलं तर?

खडूफळा
२०१६ साली पाचशे-हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा नोटवाला कुठे बाद झाला? कागद बाद होतो, ताई.

अक्षरमात्रा
मुळात ‘बाद’ हा ‘बाध’चा अपभ्रंश असावा. ‘बाधित’ म्हणजे खंडित झालेलं. तसं असेल तर माझी हरकत मी मागे घेतो.

पोथीपान
तसं नाही हो. अरबी ‘बअद’ म्हणजे नंतर. तो फारसीमार्गे आपल्या दप्तरात आला: अमुक रक्कम बाद जाता बाकी इतकी. हिशेबातलं बाद आधीचं, मैदानातलं नंतरचं. बंगालीतही ‘बाद देणे’ म्हणजे वगळणेच. ‘रद्द’चं कूळही अरबीच आणि ‘रद्दी’ त्याचीच बहीण, म्हणून ‘रद्द मत’ मला नकोसं वाटतं. कुणाचं मत रद्दीच्या घरात कशाला न्यायचं?

अक्षरमात्रा
बंगालीत आहे म्हणून संस्कृत मूळ नाकारता येत नाही. उलट त्याने माझं म्हणणं बळकट होतं.

पोथीपान
‘ध’चा ‘द’ बाकी कुठल्या शब्दात झाला, तेवढं दाखवा.

सातपूरकर
कोऱ्या मताचं राहिलं. ‘नोटा’ म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर तो पर्याय आला आणि तिथे मतदार बटण दाबून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असं सांगतो. ते मत बाद नसतं, वेगळं मोजतात. पण अनामत जप्त करायची की नाही हे ठरवताना एकूण वैध मतांत ते धरत नाहीत. कोरा फॉर्म पाठवणाऱ्यानं तर काहीच सांगितलेलं नसतं. कार्यालयात त्याला सरळ ‘निरंक’ म्हणतात. तालुक्याला निरंक अहवाल जातो तसं निरंक मत.

मैदानवाली
‘निरंक’ छान! पण मावशींना कळेल?

निफाडचा बागाईतदार
दुबार शब्द आमच्याकडे पेरणीला लागतो. पहिलं उगवलंच नाही की दुबार. तुमच्याकडे तर पहिलं मत उगवलेलं आहे, मतदारानं विचार बदलून दुसरं दिलं. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात, खोडत नाहीत. नाव दिसतं, पण हक्क उरत नाही. पहिल्या मताला तसाच कंस करा आणि शेवटचं धरा. ‘कंसातलं मत’ म्हणा.

पोथीपान
एस्टोनियात २००५ पासून असंच चालतं. ऑनलाइन मत कितीदाही द्या, शेवटचं धरतात. ‘कंसातलं मत’ फार आवडला.

अक्षरमात्रा
कंस सातबाऱ्यावरचा, शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला काय कळणार? ‘अधिक्रमित’ म्हणा.

निफाडचा बागाईतदार
दादा, नाशकात फ्लॅटवाल्यांच्याही गावाकडे सातबारे आहेत.

खडूफळा
पसंतीच्या मतदानात आणखी एक जात आहे. मत नियमात बसलेलं, पण पहिली पसंती ज्याला दिली तो उमेदवार बाहेर पडला आणि पुढची पसंती लिहिलेलीच नाही. ते बाद नाही, पुढे जातही नाही. मी त्याला ‘खुंटलेलं मत’ म्हणत आलोय. आंबा खुंटतो तसं.

पोथीपान
आंबा खुंटतो? वाढ खुंटते. आमच्याकडे आंबा ‘बसतो’.

खडूफळा
आमच्या दिंडोरीकडे खुंटतोच.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. फॉर्म आज रात्री जायचा आहे. काल मावशीला तुम्ही सुचवलेले शब्द वाचून दाखवले. ती म्हणाली, “शब्द कसला घालतेस, काय झालं ते लिही.” म्हणून संदेश असा केलाय: ‘तुमचं मत मोजता आलं नाही, कारण एकाही नावावर खूण नाही. रविवारपर्यंत पुन्हा देता येईल.’

अक्षरमात्रा
संदेशाचं ठीक आहे, ताई. पण निकालपत्रकात त्या रकान्याला नाव काय देणार?