मदत हवी आहे: गच्चीच्या उष्णतेसाठी नक्की कुठलं इन्सुलेशन घेऊ?

वऱ्हाडी_प्रसाद:
कोणीतरी लवकर सांगा, कॉन्ट्रॅक्टर सोमवारी ॲडव्हान्स मागतोय. वरच्या खोलीची नुसती भट्टी झालीये, रात्री बारा वाजतासुद्धा सीलिंगला हात लावला तर गरम लागतं आणि दीड टनाचा एसी दुपारी काहीच करत नाही. एकजण पफ (पॉलियुरेथेनचा फोम) फवारा म्हणतो, दुसरा एक्सपीएसचे (थर्माकोलसारखा पण घट्ट फोम) बोर्ड, तिसऱ्यानं 10 मिमी एअरोजेलची (बारीक छिद्रांत हवा धरणारं अगदी हलकं मटेरियल) चादर दाखवली, म्हणे नासाचं मटेरियल आहे. तिघांच्या दरात जमीन अस्मानाचा फरक. फक्त नाव सांगा कुठलं घेऊ.

सिव्हिल_काका:
गाव कुठलं? आरसीसी स्लॅब की पत्रा? वरून लावायचंय की खोलीतून? गळतं का? एवढं कळल्याशिवाय नाव कसं सांगू.

मंजिरी७२:
चुना मारा हो. आम्ही दरवर्षी मार्चमध्ये चुना आणि फेव्हिकॉल कालवून दोन हात देतो, पायाला लगेच फरक कळतो. हजारो रुपये कशाला घालवता.

प्रसन्न_पुणे:
भिंती एएसी ब्लॉकच्या (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंट विटांच्या) केल्या का? आम्ही बंगला बांधताना केल्या, लाल विटेपेक्षा खूप फरक आहे.

सिव्हिल_काका:
प्रसन्न, घर बांधून झालंय त्यांचं. वरच्या मजल्यावर दिवसभर ऊन खातो तो स्लॅब, आधी त्याचं बघावं लागतं.

सुषमा_म्युनिक:
इकडे जर्मनीत जुनं उतरतं छप्पर नव्यानं केलं तर यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आरपार जाते तो आकडा, कमी तेवढा चांगला) 0.24 च्या आत लागते. व्हेपर बॅरियर (हवेतली वाफ अडवणारा थर) आतल्या बाजूनं घ्यायला विसरू नका, नाहीतर इन्सुलेशनमध्ये पाणी धरतं.

सिव्हिल_काका:
सुषमाताई, तो थंड देशातला नियम आहे, तिकडे घरातली ओल बाहेर जाताना गार पडून पाणी होते. इकडे मे महिन्यात बाहेर रखरखीत आणि एसी आत, सगळं उलटं. तिकडचं जसंच्या तसं इथे लावू नका.

वऱ्हाडी_प्रसाद:
अकोला. आरसीसी 5 इंच, 18 वर्षं जुना. वरून की आतून ते कोणी विचारलंच नव्हतं, पफवाला आतून फवारणार म्हणतो. गळती फक्त एका कोपऱ्यात, पावसाळ्यात. आई त्याच खोलीत असते, गुडघ्यांमुळे खालीवर करता येत नाही तिला, म्हणून घाई आहे.

सिव्हिल_काका:
मग पफवाल्याला नाही सांगा. आतून लावलं तर स्लॅब तसाच तापत राहणार, दिवसा फुगणार रात्री आकसणार, भेगा वाढणार, आणि गळती फोमच्या मागे लपून सळई गंजवेल. वरून करा: आधी वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून टेस्ट, मग 50 मिमी एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, जाळी टाकून काँक्रीटचा थर, आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे. उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते, याने ती 0.5 च्या थोडी वर येते. इको निवास संहितेत (आपल्याकडचे घरांच्या ऊर्जाबचतीचे नियम) छतासाठी 1.2 ची मर्यादा आहे.
एअरोजेल मटेरियल म्हणून जबरदस्त आहे, पण ते नासाचं नाही, 1931 पासूनचं आहे. 10 मिमी एअरोजेल हे 50 मिमी एक्सपीएसच्या निम्म्याहून कमीच अडवतं. कमी जाडीत काम हवं तिथे ते वापरायचं. गच्चीवर जाडीची अडचण आहे का तुम्हाला?

रोहन_डी:
व्हॅक्यूम पॅनल (आतली हवा काढून सील केलेले) घ्या, एक्सपीएसपेक्षा चारपाच पट भारी असतात.

सिव्हिल_काका:
एक खिळा लागला की व्हॅक्यूम गेला. गच्चीवर उद्या केबलवाला ड्रिल घेऊन येतो रे बाबा.

अनघा_ठाणे:
पण हे सगळे फोम जळतात! लंडनचं ग्रेनफेल टॉवर 2017 मध्ये जळलं तेव्हा 72 माणसं गेली. आई झोपते त्या खोलीत आतून फोम नकोच. रॉकवूल घ्या, दगडाचं असतं, जळत नाही.

रोहन_डी:
ग्रेनफेलमध्ये आग पसरली ती मुख्यतः बाहेरच्या क्लॅडिंगच्या (भिंतीवर बाहेरून लावलेल्या पॅनलच्या) पॉलिथिनमुळे.

अनघा_ठाणे:
आतलं इन्सुलेशनही जळलंच ना. विषारी धूर लागतो आधी, मग आग पोचते.

सिव्हिल_काका:
अनघाताईंचं बरोबर आहे, आतून उघडा फोम नकोच. पण वरून काँक्रीटखाली दाबला की तो धोका फारच कमी. आणि रॉकवूल गच्चीवर नको, एकदा पाणी शोषलं की कामाचं राहत नाही.

मंजिरी७२:
मग चुन्याचं काय? त्याला कोणी वाईट म्हणत नाही.

सिव्हिल_काका:
चुना चांगलाच आहे मंजिरीताई, ऊन परत पाठवतो. धुळीनं काळवंडला की पुन्हा द्यावा लागतो एवढंच. प्रसाद, काम व्हायला दोनतीन आठवडे लागतील तोवर उद्याच चुना मारून घ्या, आईला लगेच थोडा आराम पडेल.

गच्चीकर:
सोलर पॅनल लावलं तर सावली पण आणि बिल पण.

वऱ्हाडी_प्रसाद:
काका, काँक्रीटच्या थराचं वजन जुना स्लॅब झेलेल का? आधीच वर विटांचा कोबा आहे, तो राहिलाच सांगायचा.

सिव्हिल_काका:
हे आधी सांगायचं ना! कोबा किती इंच आहे, आणि तो फोडायचा की तसाच ठेवायचा हे इंजिनिअरनं स्लॅब बघूनच ठरवायचं. सोमवारी कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका. फोटो टाका गळणाऱ्या कोपऱ्याचा, खालून आणि वरून दोन्ही.

वऱ्हाडी_प्रसाद:
चुना आणायला निघालो. फोटो संध्याकाळी टाकतो.