ओढ्याच्या गाळात आर्सेनिक ३८ पीपीएम, मग सोनं का नाही?

खानापूरचा_खडक
लोंढ्याकडच्या (जि. बेळगाव) एका ओढ्यातला गाळ. ८० मेशच्या बारीक चाळणीतून पडलेला भाग अ‍ॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) विरघळवून आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) तपासला. आर्सेनिक ३८ पीपीएम (दहा लाखात ३८ भाग), लोह १४ टक्के, सोनं ५ पीपीबीच्या (अब्जात ५ भाग) आत. आर्सेनिक ही सोन्याची खूण मानतात, म्हणून विचारतो. वरच्या अंगाला शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक), माथ्यावर जांभा. पुढं नमुने घेण्यात अर्थ आहे का?

काळी_वाळू
आधी ते १४ टक्के लोह बघा. जांभ्यातून आलेले लोहाचे ऑक्साइड पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवतात, त्यामुळं खाली काही नसतानाही आकडा फुगतो. ओढ्याच्या प्रत्येक फाट्याचा वेगळा नमुना घ्या आणि आर्सेनिक-लोह गुणोत्तर काढा. सगळीकडं सारखंच आलं तर तो जांभ्याचा खेळ. एकाच फाट्यात ते उसळलं आणि सोबत अँटिमनीही वाढलं, तर मात्र त्या फाट्यानं वर जायचं. कर्नाटकातल्या गदगच्या पट्ट्यात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट (आर्सेनिक, लोह आणि गंधकाचं खनिज) सापडतं, पण आर्सेनोपायराइट आहे म्हणजे सोनं असेलच असं नाही.

आणि आयसीपी-एमएसवर क्लोराइडचा हस्तक्षेप दुरुस्त केलाय का, ते लॅबला विचारा. यंत्रातल्या आरगॉन वायूपासून बनणारा आरगॉन-क्लोराइड नेमका ७५ वस्तुमानावर, म्हणजे आर्सेनिकच्याच जागी येतो. अ‍ॅक्वा रेजियात क्लोराइड भरपूर, बघा की.

चाळणी८०
लोहाचं पटलं. पण सोन्याच्या ‘५ च्या आत’वर इतक्यात फुली मारू नका. ०.१ मिमीचा एक गोल कण साधारण १० मायक्रोग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच्या नमुन्यात तो आला तर ३३० पीपीबी, नाही आला तर काहीच नाही. म्हणून सोन्यासाठी २ ते ५ किलो गाळ घेऊन सायनाइड लीच (सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवून मोजणं) लॅबकडूनच करून घ्या. घरी सायनाइड नको, पारा तर नकोच.

गाळ वाहत्या पात्रातला, ५० मीटरभरात दहा-बारा ठिकाणचा एकत्र करा. काठाची माती पडू देऊ नका, पुलाच्या वरच्या अंगालाच घ्या. पितळी चाळणी टाळा. बोटातली अंगठी काढून ठेवा, बरेच ‘सोन्याचे पट्टे’ तिथंच जन्माला येतात! भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय मूठभर वाळूही उचलायची नाही.

विहीर_पाणी
गाळात ३८ म्हणून पाणी विषारी ठरत नाही. पण साचलेल्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यात तेच लोह विरघळतं आणि धरलेलं आर्सेनिक सोडतं. जवळच्या विहिरींचं पाणी तपासा, मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. विरघळलेलं आर्सेनिक मोजायचं तर आधी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, मग नायट्रिक घालून पीएच २ च्या खाली आणा. उलट केलंत तर गढूळ कणांतलं आर्सेनिकही पाण्याच्या नावावर चढेल.