कोल्हापुरात मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या गोष्टी कोणत्या?

पुण्याहून बदली होऊन तीन महिने झाले. काल मिसळ खाताना शेजारच्या काकांनी नुसती वाटी वर केली आणि पोऱ्याने कट ओतला, वर पैसे नाहीत! मी इतके दिवस कोरडा ब्रेड चावत बसलोय. अजून काय काय मागता येतं?

>> तीन महिने?? अरे भावा, कट मागायचाच असतो. झेपत नसेल तर वेगळ्या वाटीत द्या म्हणायचं. तांबडा-पांढरा संपला तरी वाटी पुढं करायची, लाजायचं नाही, फक्त आधी विचार, काही ठिकाणी हल्ली वाटीमागं पैसे लावत्यात, मला ते बिलातच कळलं आणि बायको अजून ऐकवतीया

>> गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा की रात्री. म्हैस समोर पिळून ग्लास देतात, निम्मा फेसच. फेस बसू दे मग भरून द्या म्हणायचं

>> चप्पल घेताना वाजणारी पाहिजे असं सांगायचं, नायतर गप्प चालणारी देतील 😀

>> मोठ्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज लावला तर काढा म्हणता येतं, २०२२ पासून ग्राहक प्राधिकरणाचा तसा नियमच आहे.

>> आज वाटी वर केली. पोऱ्या म्हणाला, "नवीन काय ओ?"